प्रिंटवरचे ओरखडे

सिनेमा कुठं किती चाललाय, हे मामांना कुणाला विचारावं लागत नसे. एसटीनं आलेली पत्र्याची पेटी वर केबिनमध्ये पोचली, पहिलं रीळ रिवाइंडरवर चढलं आणि फिल्मच्या दोन्ही कडा चिमटीत धरून ते हँडल फिरवू लागले, की प्रिंट स्वतःच बोलायला लागायची. इथं जोड. इथं कडेची भोकं फाटलेली. इथं दोन फूट सरळ गायब. प्रत्येक रिळाचं डोकं आणि शेपूट झिजलेलं असतंच, कारण सगळ्यांत जास्त हाताळणी तिथंच होते. पण रिळाच्या ऐन मध्यावर, गाण्याच्या आसपास जोड लागले की मामा खुश व्हायचे. म्हणजे मागच्या कुठल्या तरी गावात पब्लिकनं वन्स मोअर घेतला होता, ऑपरेटरनं यंत्र थांबवून रीळ मागं घेतलं होतं आणि त्या घाईत फिल्म ओढली गेली होती.

‘याला म्हणायचं हिट,’ ते सांगतात. ‘पोस्टरवर काय, काहीही छापता येतं.’

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात ते टॉकीजवर ऑपरेटर होते. डोअरकीपरपासून मालकाच्या मुलापर्यंत सगळ्यांचे ते मामाच. आयुष्यभर सिनेमा दाखवला आणि आयुष्यभर सिनेमावर बोलले. त्यांची मतं ठाम आहेत, पण ती ऐकताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. बहुतेक रसिकांनी सिनेमा खुर्चीत बसून पाहिला, मामांनी तो केबिनच्या भिंतीतल्या वीतभर चौकोनातून पाहिला. तोही तुकड्यातुकड्यांनी, पण पुन्हा पुन्हा, आणि नेहमी पब्लिकच्या डोक्यांवरून. पडदा आणि पडद्याकडे बघणारे लोक, दोन्ही त्यांना एकाच वेळी दिसत.

त्यांची सुरुवात तंबूत झाली. पावसाळा सरला की फिरत्या टॉकीजचे ट्रक बाहेर पडायचे आणि यात्रांमागून यात्रा करत उन्हाळ्यापर्यंत हिंडायचे. मार्गशीर्षात म्हसवडला सिद्धनाथाचा रथ, मग पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पौषात पालीचा खंडोबा. दिवसभर भोंग्यावरून पुकारा, अंधार पडला की कनातीतून लोक आत. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, खाली माती. यंत्र एकच, त्यामुळं दर रिळानंतर दिवे लागायचे आणि रीळ बदलेपर्यंत लोक सिनेमावर वाद घालत बसायचे. मामांना ती पद्धत फार आवडायची. त्यांच्या मते सिनेमावरची खरी चर्चा त्या चार-पाच मिनिटांत होई, कारण पुढं काय होणार हे कुणालाच माहीत नसे आणि प्रत्येकाला ते माहीत असल्याची खात्री असे. हे जग कसं दिसायचं ते ज्यांना बघायचं असेल त्यांनी शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट जरूर शोधावा. महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजच्या मागं वर्षानुवर्षं फिरून त्यांनी तो केला आणि २०१६ साली तो कान महोत्सवात दाखवला गेला. जनरेटरचा आवाज, गंजलेली यंत्रं, पडदा बांधताना झोंबणारा वारा, सगळं त्यात आहे.

तंबूतून मामा पक्क्या थेटरात आले ते कार्बनच्या दिव्यापाशी. आताच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही, पण त्या काळी पडद्यावरचा सगळा उजेड दोन कार्बनच्या कांड्यांमधल्या ठिणगीचा असे. कांड्या जळत जात, त्यांच्यातलं अंतर वाढत जाई आणि अंतर वाढलं की उजेड पिवळा पडून शेवटी विझे. म्हणून ऑपरेटरनं काळ्या काचेतून ज्योतीवर नजर ठेवायची आणि मूठ फिरवून कांड्या जवळ आणत राहायच्या. दुसरं यंत्र तयार ठेवायचं. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकतो. पहिल्या ठिपक्याला दुसरं यंत्र सुरू करायचं, दुसऱ्याला उजेड आणि आवाज तिकडं फिरवायचा. झिजलेल्या प्रिंटवर ते ठिपके केव्हाच कापले गेलेले असत. मग आधीच्या गावातल्या ऑपरेटरनं ब्लेडनं खरवडून केलेली खूण शोधायची. मामांनी अशा खुणांवरून काही ऑपरेटर ओळखून ठेवले होते, ज्यांना ते जन्मात भेटले नाहीत. एकजण फुली मारायचा, एकजण बारीक गोल काढायचा. गोलवाल्याचा हात चांगला होता, असं ते अजून म्हणतात.

आणि जोड देणं. फाटलेला भाग सरळ कापायचा, एका टोकावरचा चित्राचा थर ओल्या बोटानं मऊ करून ब्लेडनं खरवडायचा, खालची पारदर्शक फिल्म उघडी करायची, त्यावर ब्रशनं सिमेंटचा एकच हात फिरवायचा, दुसरं टोक भोकाला भोक जुळवून ठेवायचं आणि दाबून धरायचं. सिमेंट जास्त झालं तर जोड ताठ होतो आणि यंत्रात अडकतो, कमी झालं तर भर गाण्यात सुटतो. यातली एक गंमत मात्र प्रेक्षकाला कधीच कळत नसे. पस्तीस एमएमच्या फिल्मवर आवाजाची पट्टी चित्राच्या कडेनंच जाते, पण चित्र आणि त्याचा आवाज शेजारीशेजारी नसतात. यंत्रात चित्राची खिडकी वर आणि आवाज वाचणारा दिवा खाली, म्हणून आवाज वीसेक चौकटी पुढं छापलेला असतो. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर जवळपास सेकंदाचा फरक. त्यामुळं तुकडा कापून जोड दिला की आधी चित्र उडी मारतं आणि जरा वेळानं वाक्य. गब्बरचा एखादा शब्द कापला जाऊ नये म्हणून कात्री कुठं चालवायची हे चित्र बघून ठरत नाही, आवाजाच्या पट्टीवरची नक्षी बघून ठरवावं लागतं. मामा ती नक्षी वाचायला शिकले होते.

‘शोले’वर त्यांचं बोलणं निघालं की संध्याकाळ जाते. सिनेमा आला १५ ऑगस्ट १९७५ ला आणि मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षांहून अधिक चालला. पण मोठ्या शहरांतली ती ७० एमएमची प्रिंट आणि तो स्टिरिओ आवाज खेड्यातल्या लोकांनी कधी अनुभवला नाही. त्यांच्यापर्यंत आली ती उशिरा, पस्तीसची, घासलेली प्रिंट आणि एका भोंग्याचा आवाज. तरीही सिनेमा उभा राहिला. मामांचं म्हणणं, तो कानांवर उभा राहिला. झोपाळ्याच्या कड्यांची करकर, नाणं पडल्याचा आवाज, माऊथ ऑर्गन, बंदुकीआधीची शांतता. लोक संवाद पाठ म्हणून दाखवतात, पण तंबूतली माणसं संवाद संपल्यानंतरच्या शांततेला श्वास धरायची, हे मामांनी पाहिलंय.

राधा एकेक दिवा मालवत जाते आणि जय खाली बसून वाजवत असतो, त्या प्रसंगाला ते वेगळ्या कारणानं घाबरायचे. द्वारका दिवेचांचं छायाचित्रण तिथं इतकं काळोखाच्या काठावर आहे, की कार्बनचा उजेड जरा उतरला तर पडद्यावर काहीच उरत नाही. म्हणून तो प्रसंग यायच्या आधी नव्या कांड्या लावायच्या, हा त्यांचा नियम. मालक कार्बनच्या खर्चावरून कुरकुरायचा. मामा ऐकत नसत. आणखी एक गोष्ट ते आवर्जून सांगतात: एवढ्या मोठ्या सिनेमाला फिल्मफेअर मिळालं ते एकच, संकलनाचं, एम. एस. शिंदे यांना. फिल्म कापून जोडण्याच्या कामाचा मान कुणीतरी ओळखला, याचा मामांना इतका आनंद आहे, की ऐकणाऱ्याला वाटावं पुरस्कार त्यांच्या घरातच आला.

शेवटाबद्दल त्यांचं मत पक्कं आहे. मूळ चित्रपटात ठाकूर गब्बरला स्वतः संपवतो. आणीबाणीचे दिवस, सेन्सॉरनं तो शेवट बदलायला लावला आणि ऐन वेळी पोलीस येऊन ठाकूरला अडवतात. ‘पोलीस आले की थेटरातला आवाज खाली बसायचा,’ मामा सांगतात. ‘शिट्ट्या बंद. लोक चपला शोधायला लागायचे.’ मूळ शेवटासह जतन केलेली प्रत २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली, हे नातवानं वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

१९७५ हे साल म्हणजे त्यांच्या लेखी एक स्वतंत्र विषय. त्याच वर्षी ‘दीवार’, त्याच वर्षी ‘जय संतोषी माँ’, त्याच वर्षी दादा कोंडक्यांचा ‘पांडू हवालदार’. आणि आज आठवणी काढताना लोक ‘शोले’ आणि ‘दीवार’वर थांबतात, याचं त्यांना वाईट वाटतं. ‘संतोषी माँ’ची प्रिंट त्यांनी चालवलीय. बायका चपला बाहेर काढून आत यायच्या, आरतीच्या वेळी पडद्यावर फुलं आणि नाणी पडायची. खेळ सुटल्यावर झाडूवाला आधी पडद्याखाली जायचा. मुंबईत बसून लिहिणाऱ्यांना त्यात भाबडेपणा दिसला. मामांना दिसल्या त्या घरातून एकट्यानं कधी बाहेर न पडणाऱ्या बाया, ज्या त्या दिवशी मुलांना घेऊन, भाकरी बांधून, बैलगाडीतून तालुक्याला आल्या होत्या. हेच पुन्हा १९९१ मध्ये ‘माहेरची साडी’ला झालं. अलका कुबलच्या प्रत्येक दुःखाला थेटरातून हुंदका येई. समीक्षकांनी नाकं मुरडली. मामांचं उत्तर साधं आहे: ज्या बाईला घरात रडायची सोय नव्हती, तिला अंधारात तीन तास मिळाले. हा सिनेमा मुळात ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी चित्रपटावरून आला, म्हणजे तिकडच्या बायकाही याच गोष्टीला रडल्या होत्या.

दादांबद्दल मामा फार बारकाईनं बोलतात. ‘सोंगाड्या’ १९७१ चा. तिथून पुढचे ओळीनं नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी आणि त्याची गिनेस बुकात नोंद. लोकांना आठवतात ते द्वयर्थी संवाद. मामांना आठवते ती जागा. विनोद झाला की दादा पुढचं वाक्य लगेच घेत नाहीत, चेहरा तसाच ठेवून हसण्याला वाट देतात. बाकीच्या विनोदी सिनेमांत दुसरा विनोद हशात बुडून जायचा. दादांचा एकही बुडत नसे. तमाशाच्या आणि वगाच्या रंगमंचावर पब्लिकसमोर उभं राहिलेल्या माणसालाच हे साधतं. आणि संगीत? ‘पांडू हवालदार’ला दादांनी रामलक्ष्मण या नावानं पुढं आणलेल्या जोडीतले लक्ष्मण, म्हणजे विजय पाटील, यांनीच पुढं ‘मैंने प्यार किया’ आणि ‘हम आपके हैं कौन’ची गाणी दिली. सुटाबुटातल्या घरांत वाजणाऱ्या त्या गाण्यांचं मूळ दादांच्या सिनेमात आहे, हे मामा मोठ्या अभिमानानं सांगतात, आणि तो अभिमान रास्त आहे.

‘हम आपके’वरून एक चुटपुटही निघते. सिनेमा लांब आणि गाणी १४. तालुक्याच्या गावात रात्रीचा खेळ शेवटच्या एसटीच्या आत सुटावा लागे, नाहीतर आसपासच्या वाड्यांतला प्रेक्षक यायचाच नाही. मग मालक सांगायचा, दोन गाणी काढ. मामा ती काढायचे, गुंडाळून डब्यात वेगळी ठेवायचे आणि पेटी परत पाठवण्याआधी जागच्या जागी जोडायचे. सगळीकडं एवढी काळजी घेतली जात नसे. कित्येक प्रिंटमध्ये कापलेला भाग परत आलाच नाही. पुढच्या गावच्या लोकांनी तेवढाच सिनेमा पाहिला आणि तोच पूर्ण समजला.

लग्नाकार्यात कुणीतरी म्हणतंच, ‘काय सिनेमे होते हो पूर्वी!’ मामा लगेच विचारतात, ‘पूर्वीचे म्हणजे कुठले? मी सगळे दाखवलेत.’ या एका मुद्द्यावर ते कुणाशीही भांडतात. आपल्या आठवणीत उरलेत ते ‘धुमधडाका’, ‘अशी ही बनवाबनवी’, ‘झपाटलेला’. पण त्या वर्षांत दर शुक्रवारी पेटी येत होती. दिशाहीन मारधाड, एकाच साच्यातल्या सासवा, चार गाणी आणि एक बलात्कार असा ठरलेला हिशेब असलेले हिंदी सिनेमे. सोमवारपर्यंत उतरायचे. ऐंशीचं दशक सोन्याचं होतं असं म्हणणाऱ्यानं ते सोमवार बघितलेले नाहीत. व्हिडिओ आला, १९८७ च्या जानेवारीपासून रविवार सकाळी ‘रामायण’ लागायला लागलं, सकाळचे खेळ ओस पडले. आणि रिकाम्या खुर्च्यांसमोरही ऑपरेटरला तीच कांडी, तोच ठिपका सांभाळावा लागतो. वाईट सिनेमा अर्धवट सोडून निघायची मुभा केबिनमध्ये नसते.

हे बोलणं निव्वळ टीकेचं मात्र नाही. रिकाम्या थेटरात त्यांना काही गोष्टी सापडल्या, त्या ते जिवापाड जपतात. १९९२ चा ‘एक होता विदूषक’ त्यांतला सगळ्यांत मोठा. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, पुलंचं लेखन, ना. धों. महानोरांची गाणी, आनंद मोडकांचं संगीत आणि तमाशातल्या सोंगाड्याच्या भूमिकेत लक्ष्मीकांत बेर्डे. पोस्टरवर लक्ष्या दिसला म्हणून पोरं आली, हसायला काही मिळेना म्हणून मध्यंतरात गेली. नंतर त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण गावात पेटी परत गेलेली होती. मामांनी प्रत्येक खेळ चौकोनाशी उभं राहून पाहिला. लक्ष्मीकांत नाचतो, रंग लावतो, आणि रंगाखालचा माणूस हळूहळू सुकत जातो. ‘त्याला लोकांनी हसवायलाच ठेवला,’ असं म्हणताना मामांचा आवाज चढतो. २००४ च्या डिसेंबरात बेर्डे गेले तेव्हा सगळ्या वाहिन्यांनी ‘बनवाबनवी’ दाखवला. मामांना वाटलं होतं, कुणीतरी ‘विदूषक’ लावेल.

‘बनवाबनवी’वर त्यांचा राग नाही, उलट त्यातल्या रचनेचं ते कौतुक करतात. हृषिकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’वरून बेतलेली गोष्ट, पण मूळ सिनेमा किती जणांनी पाहिलाय? सचिन पिळगावकरांनी ती १९८८ च्या पुण्यात रुजवली, भाड्याची खोली, नोकरी, मावशीबाई सगळं ओळखीचं केलं. एकही प्रसंग वाया नाही. त्यांच्या मते तो घराघरांत पोचला तो टीव्हीमुळं, थेटरात आठवडे काढलेल्या इतर सिनेमांना ते भाग्य मिळालं नाही. आठवण कुणाची टिकते यात गुणांबरोबर वेळापत्रकाचाही वाटा असतो, हे त्यांचं निरीक्षण नोंद घेण्यासारखं आहे.

२००५ नंतर यूएफओ आणि क्यूबची यंत्रं यायला लागली. सिनेमा उपग्रहावरून किंवा हार्डडिस्कवर, बटण दाबलं की सुरू. ओरखडा नाही, जोड नाही, मुंबईत आणि तालुक्यात त्याच शुक्रवारी तोच स्वच्छ सिनेमा. मामा याला वाईट म्हणत नाहीत. खेड्यातल्या माणसानं वर्षभर उशिरा फाटकी प्रिंट बघावी यात काही थोर नव्हतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. काही वर्षांत पेट्या यायच्या थांबल्या आणि मामांचं काम थांबलं.

२०१६ ला ‘सैराट’ आला तेव्हा ते तिकीट काढून खाली खुर्चीत बसले. गाण्यांना पोरं खुर्च्यांवर चढली, हे त्यांना परिचयाचं होतं. पण शेवटी लहान मूल दारातून बाहेर पडतं आणि सगळा आवाज निघून जातो, तेव्हा त्यांची मान सवयीनं मागं, केबिनच्या चौकोनाकडं वळली. आवाज गेला की ऑपरेटरनं काय करायचं ते हातापायांत भिनलेलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की हे नागराज मंजुळेंनी केलंय. पूर्ण थेटर गप्प होतं. नाणं, शिट्टी, चपलांचा आवाज, काही नाही. इतकी वर्षं पब्लिकचा आवाज मोजलेल्या माणसाला ती शांतता सगळ्यांत मोठी दाद वाटली आणि ‘शोले’नंतर कानानं बघायचा सिनेमा हाच, असं ते तेव्हापासून सांगत सुटलेत.

आता त्यांचा वेळ एका वहीत जातो. कुठल्या शुक्रवारी काय लावलं, किती दिवस टिकलं, प्रिंट कशी होती, हे त्यांनी टॉकीजच्या दिवसांत लिहून ठेवलेलं. नातू संध्याकाळी मोबाईलवर एकेक नाव शोधतो. मोठे सिनेमे सगळे सापडतात. सोमवारी उतरलेल्यांपैकी कित्येकांचं नाव आणि साल तेवढं मिळतं, चित्रपट कुठंच नाही. यात नवल नाही. मुदत संपलेल्या प्रिंट चांदी काढून घेण्यासाठी भंगारात जात. पुण्याला १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे म्हणून पुष्कळ वाचलं, पण तिथंही ८ जानेवारी २००३ च्या आगीत प्रभातच्या जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या. ‘संत तुकाराम’ काढणाऱ्या कंपनीच्या फिल्मची ही गत, तर एका आठवड्याच्या मराठी सिनेमाला कोण विचारणार?

मामा विचारतात. संग्रहालयानं गाजलेलं जपावंच, पण ‘शोले’ला जपणारे खूप आहेत, न चाललेल्यांना कुणी नाही, आणि त्या काळात लोक कसे बोलत, काय नेसत, एसटी स्टँड कसं दिसे, हे त्या पडलेल्या सिनेमांतच जास्त आहे, कारण त्यांच्याकडं सेट लावायला पैसेच नव्हते, रस्त्यावर जाऊन चित्रण करावं लागे. नातवाला न सापडलेल्या नावापुढं ते आता आठवेल तेवढं लिहून काढतात: रिळं किती, कोण होतं, कुठल्या रिळात कुठलं गाणं, नायक-नायिका पळत जातात तो घाट कुठला. मागच्या आठवड्यात एका नावापाशी ते अडले. गाणं आठवत होतं, नट आठवत नव्हता. शेवटी त्यांनी शेजारच्या तालुक्यातल्या एका जुन्या डोअरकीपरला फोन लावला. त्याला नट आठवत होता, गाणं आठवत नव्हतं. तासभर बोलणं चाललं. नातवानं दोन्ही लिहून घेतलं.